ॲपल पाय ते सरकारी कंत्राट: न्यू जर्सीत विधेयक वाचायला शिकताना

व्हरमाँट राज्याने 1999 साली ॲपल पाय हा राज्याचा अधिकृत पाय ठरवला. (पाय म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. आपल्या पायांशी त्याचा संबंध नाही.) त्या कायद्यात पुढे असंही आहे की व्हरमाँटमध्ये ॲपल पाय वाढताना तीनपैकी एक तरी गोष्ट सोबत देण्याचा 'प्रामाणिक प्रयत्न' करावा: थंड दुधाचा ग्लास, किमान अर्धा औंस चेडर चीज, किंवा व्हॅनिला आइस्क्रीमचा मोठा गोळा. अर्धा औंस म्हणजे साधारण 14 ग्रॅम. चीजचा तुकडा 10 ग्रॅमचाच निघाला तर काय, ते कायदा सांगत नाही.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पोट धरून हसलो होतो. पुढे न्यू जर्सीत टेंडरचे कागद चाळताना तेच दोन शब्द, 'प्रामाणिक प्रयत्न', पुन्हा भेटले. या वेळी मात्र त्या दोन शब्दांखाली पुराव्यांची यादी होती आणि ती मलाच भरायची होती.

मी वकील नाही. एडिसनजवळ आमचं छोटं केटरिंग आहे, इतकंच. नव्याने इथे आलेल्या आणि पुढेमागे स्वतःचं काही सुरू करायचा विचार असलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. अमेरिकेत राज्याचे कायदे आपल्या पोटापाण्याला दिल्लीच्या, म्हणजे इथे वॉशिंग्टनच्या, कायद्यांपेक्षा जास्त जवळून लागतात. आपण मात्र टीव्हीवर वॉशिंग्टन बघत बसतो.

पहिली पायरी: आधी बिनकामाचं विधेयक वाचा

सुरुवात खाद्यपदार्थांपासून करा. अमेरिकेतल्या राज्यांना अधिकृत पदार्थ ठरवायची भारी हौस. आपल्याकडे शेकरू, हरियाल, ताम्हण ही राज्याची मानचिन्हं सरकारने जाहीर केली आणि विषय संपला. इथे साध्या मफिनसाठीही विधेयक मांडतात, त्यावर चर्चा होते, मतदान होतं. ओक्लाहोमाने 1988 मध्ये राज्याचं अख्खं जेवणच ठरवलं. त्यात डझनभर पदार्थ आहेत आणि त्यांत तळलेली भेंडी आहे. याच राज्याने 2007 मध्ये कलिंगडाला राज्याची भाजी म्हणून मान्यता दिली, का ते त्यांनाच ठाऊक. न्यू मेक्सिकोत मिरची 1965 पासून राज्यभाजी. तिथे हॉटेलात विचारला जाणारा 'लाल की हिरवी?' हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे. 2023 मध्ये भाजल्या जाणाऱ्या हिरव्या मिरचीचा वास हा त्यांचा राज्यगंध झाला. कल्पना लास क्रुसेस गावच्या पाचवीतल्या मुलांची होती. आमच्या कोल्हापूरच्या मावशीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग आमच्या ठसक्यानं काय पाप केलंय?"

न्यू जर्सीचं राज्यफळ ब्लूबेरी. ब्रिक गावच्या चौथीच्या मुलांनी पाठपुरावा केला आणि 2003 साली तिला हा मान मिळाला. निवड योग्यच होती, कारण रानटी ब्लूबेरी शेतात आणण्याचं काम याच राज्यातल्या व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी केलं आणि 1916 मध्ये पहिलं विक्रीचं पीक काढलं.

अशी विधेयकं पान-दीड पानात संपतात. त्यांत काय असतं ते बघा: वर क्रमांक, मांडणाऱ्या सदस्याचं नाव, विषयाची एक ओळ, मग हा पदार्थ कसा थोर आहे याचा परिच्छेद, मग प्रत्यक्ष कलम, मग कायदा कधी लागू होणार ती ओळ. शेवटी साध्या इंग्रजीत लिहिलेलं 'स्टेटमेंट', म्हणजे निवेदन. कंत्राटाचं 40 पानी विधेयकही याच साच्यात असतं. डोळ्याला साचा बसला की पानं किती आहेत याची भीती जाते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विषय टाकून शोधता येतं, फुकट.

एक विधेयक मुद्दाम बघण्यासारखं. राज्याची राजधानी असलेल्या ट्रेंटनच्या जॉन टेलर यांनी 1856 मध्ये डुकराच्या मांसाचा एक प्रकार बाजारात आणला. 1906 च्या अन्नशुद्धतेच्या कायद्यानंतर त्याला 'हॅम' म्हणता येईना, म्हणून वेष्टनावर 'पोर्क रोल' आलं. राज्याच्या उत्तरेचे लोक मात्र आजही 'टेलर हॅम'च म्हणतात, आणि त्यावरून दक्षिणेशी कायमचं भांडण. 2016 मध्ये या पदार्थाच्या अंडं-चीजच्या सँडविचला राज्याचं सँडविच करायची टूम निघाली, तर दोन नावांची दोन विधेयकं आली. एकही पास झालं नाही. दोन्ही उघडून शेजारी ठेवा: एका शब्दाच्या फरकाने विधेयक वेगळं कसं होतं, हे यापेक्षा सोपं कुठे दिसणार नाही. (आम्ही घरी शाकाहारी. आमच्यापुरता हा वाद तात्त्विक.)

दुसरी पायरी: अक्षरांवरून जात ओळखा

न्यू जर्सीच्या विधिमंडळाची दोन सभागृहं, असेंब्ली आणि सिनेट. 'ए' म्हणजे असेंब्लीत मांडलेलं विधेयक, 'एस' म्हणजे सिनेटमधलं. बहुतेक महत्त्वाच्या विषयांची जुळी विधेयकं असतात, एक इकडे, एक तिकडे. मागे 'जेआर' असेल तर तो संयुक्त ठराव. त्यावर राज्यपालांची सही लागते आणि त्याला कायद्याचं बळ असतं. नुसतं 'एआर' किंवा 'एसआर' म्हणजे एका सभागृहाचा ठराव. तो भावना व्यक्त करतो, बाकी काही नाही.

हे एवढ्यासाठी सांगतोय की गणपतीत किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात कुणी आमदार येतात आणि मंडळाला सोनेरी शिक्क्याची फ्रेम देऊन जातात. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर बातमी फिरते की न्यू जर्सी सरकारने अमुक कायदा केला. तो कायदा नसतो. फ्रेम छान असते, भिंतीवर लावा.

आणखी एक. इथलं अधिवेशन दोन वर्षांचं. सम वर्षाच्या जानेवारीत नवं सुरू होतं आणि जुन्यातलं न झालेलं सगळं मरतं. नवे क्रमांक एकपासून. त्यामुळे कुणी 'ए-2000 बघ' म्हणालं तर 'कुठल्या अधिवेशनाचं?' हे आधी विचारा.

तिसरी पायरी: वाट कुठे अडते ते बघा

राज्याचे 40 मतदारसंघ. प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य, म्हणजे 40 आणि 80. पास व्हायला सिनेटमध्ये 21 आणि असेंब्लीत 41 मतं हवीत, हजर कितीही असोत. विधेयक आधी समितीकडे जातं, तिथून दुसऱ्या वाचनाला, मग तिसऱ्या वाचनाला मतदान, मग दुसरं सभागृह, मग राज्यपाल. त्यांना साधारण 45 दिवस मिळतात. ते सही करतात, नाकारतात, किंवा 'एवढे बदल करा, मग सही करतो' म्हणून परत पाठवतात.

खरी खिंड म्हणजे समिती. बैठकीच्या यादीत काय घ्यायचं ते समितीचे अध्यक्ष ठरवतात. त्यांनी घेतलं नाही तर विधेयक तिथेच दोन वर्षं पडून राहतं, कुणी 'नाही' न म्हणताही. लक्ष ठेवायचं ते या यादीवर. जूनमध्ये जास्तच, कारण 1 जुलैला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं आणि त्याआधी बरंच काही घाईत पुढे सरकतं. विषम वर्षात नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर जानेवारीपर्यंतचा काळही तसाच.

चौथी पायरी: आता कंत्राटाचं विधेयक उघडा

इथे गोडवा संपतो. जुना कायदा बदलणाऱ्या विधेयकात जाड चौकटी कंसातला मजकूर म्हणजे काढून टाकायचा. खाली रेघ असलेला म्हणजे नवा. शब्दांभोवती वर लहानसा आकडा दिसला तर समितीत किंवा सभागृहात दुरुस्ती झालेली आहे, आणि कोणती ते तळटीपेत असतं. दुरुस्ती झालेली असेल तर मूळ निवेदनावर विसंबू नका, कारण ते पहिल्या मसुद्याचं असतं. समितीचं वेगळं निवेदन निघतं, ते वाचा.

मग पेन घेऊन चार गोष्टींना गोल करा. व्याख्या: 'छोटा व्यवसाय' म्हणजे कोण, 'सेवा' म्हणजे काय. 'शॅल' आणि 'मे': पहिला असेल तर करावंच लागतं, दुसरा असेल तर मर्जी. 'एक्सेप्ट': अपवाद. आणि शेवटी लागू होण्याची तारीख. माझ्या अनुभवात नवखा माणूस हमखास चुकतो तो अपवादाच्या ओळीत. आपण नियम वाचतो, मान डोलावतो आणि पान उलटतो.

याचं उत्तम उदाहरण थेट मुंबईशी जोडलेलं आहे.

साधारण 2002 ची गोष्ट. न्यू जर्सीतल्या गरीब कुटुंबांची सरकारी मदत आणि फूड स्टॅम्प (म्हणजे किराण्यासाठीची मदत) एका कार्डावर जमा व्हायचे. कार्डाची अडचण आली की लोक मदतीच्या नंबरवर फोन करायचे. हे काम घेतलेल्या कंत्राटदार कंपनीने आपलं कॉल सेंटर विस्कॉन्सिनमधून मुंबईला हलवलं. म्हणजे नोकरी गेली म्हणून फूड स्टॅम्पवर आलेल्या ट्रेंटनच्या बाईचा फोन मुंबईत उचलला जाऊ लागला. सिनेटर शर्ली टर्नर यांना हे कळलं. राज्याच्या कंत्राटातली सेवा देशातच दिली पाहिजे असं विधेयक त्यांनी आणलं. डिसेंबर 2002 मध्ये सिनेटने ते 40 विरुद्ध 0 असं पास केलं. असेंब्लीत ते अडकलं. दरम्यान ते कॉल सेंटर न्यू जर्सीतल्याच कॅम्डेन शहरात आणलं गेलं आणि त्यासाठी राज्याने जादा पैसे मोजले. 2004 मध्ये राज्यपालांचा आदेश निघाला आणि 2005 मध्ये कायदा झाला.

मला विचाराल तर टर्नरबाईंचा मुद्दा गैर नव्हता. बेकारांना मदत करण्याचं काम त्याच राज्यातल्या बेकारांना का देऊ नये? हे म्हणताना माझा स्वतःचा भाचा मुंबईत कॉल सेंटरला होता, हेही सांगून टाकतो.

आता कायदा वाचा. राज्याचं जे कंत्राट मुख्यतः सेवेचं आहे, त्यातली सगळी सेवा अमेरिकेतच दिली गेली पाहिजे. यात पोटकंत्राटंही आली. 'शॅल' आहे, 'मे' नाही. आणि मग अपवाद: ती सेवा अमेरिकेत मिळतच नाही, असं खरेदी विभागाच्या संचालकांनी लेखी प्रमाणित केलं तर. तुमची एडिसनमध्ये तीन जणांची आयटी कंपनी आहे आणि कोड लिहिणारी टीम पुण्यात हिंजवडीला आहे, असं समजा. एखाद्या मोठ्या कंत्राटदाराने राज्याच्या कामात तुम्हाला पोटकंत्राट देऊ केलं, तर हे 'मुख्यतः' आणि 'पोटकंत्राट' तुमच्यासाठी सगळ्यात महागडे शब्द. काम कुठल्या देशात होणार हे सांगणारा वेगळा फॉर्म भरून सही करावी लागते. पुण्याचा पत्ता लपवायचा विचारही करू नका.

पाचवी पायरी: कागद जमवा

पहिलं, व्यवसाय नोंदणी प्रमाणपत्र. राज्याच्या महसूल विभागाकडून मिळतं आणि त्याशिवाय सरकारी काम मिळत नाही. दुसरं, राज्याच्या खरेदीचं पोर्टल 'एनजेस्टार्ट'. तिथे नाव नोंदवा, काय विकता ते निवडा. गावची पालिका आणि शाळा मंडळं यांची खरेदी वेगळ्या कायद्यांखाली चालते. त्यांच्या जाहिराती त्यांच्या-त्यांच्या संकेतस्थळावर बघाव्या लागतात. आमच्यासारख्या लहान लोकांची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

मग फॉर्मचा गठ्ठा. 10 टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाचं नाव-पत्ता सांगणारा फॉर्म. समान संधीचा. राज्याच्या कामासाठी इराणमधल्या गुंतवणुकीचा. आणि उत्तर आयर्लंडचा! तिथे धंदा असेल तर कॅथलिक-प्रोटेस्टंट भेद न करण्याची मॅकब्राइड तत्त्वं पाळता का, असं 1995 च्या कायद्यानुसार विचारतात. साबुदाणा वड्यांची ऑर्डर घेणाऱ्या माणसाने उत्तर आयर्लंडबद्दल सही करावी, याची गंमत वाटते. पण सही करायचीच.

आमचं पहिलं टेंडर एका शाळा मंडळाचं होतं. कार्यक्रमांसाठी जेवण पुरवायचं. दर आमचेच सगळ्यात कमी होते. लिफाफे उघडले आणि आमचा बाजूला ठेवला गेला. मालकीचा फॉर्म जोडायचा राहिला होता. कंपनी नवरा-बायकोची, मालक दोनच, नावं अर्जावर आहेतच, मग वेगळा फॉर्म कशाला, असं मी स्वतःच ठरवलं होतं. हा फॉर्म नंतर देता येत नाही. बायकोने त्या दिवशी काही म्हटलं नाही. पुढच्या वेळी मात्र लिफाफा तिने चिकटवला.

आता त्या 'प्रामाणिक प्रयत्ना'कडे येतो. राज्याने आपली 25 टक्के कंत्राटं छोट्या व्यवसायांना देण्याचं उद्दिष्ट ठेवलेलं आहे. काही मोठ्या कंत्राटांत पोटकंत्राटासाठीही असं उद्दिष्ट असतं. तेव्हा मोठ्या कंत्राटदाराला दाखवावं लागतं की नोंदणीकृत छोट्या व्यवसायांना त्याने विचारलं, दर मागवले, कुणाला घेतलं नाही आणि का. हा झाला कंत्राटातला प्रामाणिक प्रयत्न, आणि त्याचा कागदोपत्री पुरावा लागतो. पण तो शोधणार नोंदवलेल्यांच्याच यादीत. म्हणून 'छोटा व्यवसाय' म्हणून नोंदणी करा: मुख्य ठिकाण न्यू जर्सीत, मालकी स्वतंत्र, पूर्णवेळ कर्मचारी 100 पर्यंत, शिवाय उलाढालीचे टप्पे आहेत. अल्पसंख्याक किंवा महिला उद्योगाचं प्रमाणपत्र वेगळं. त्यासाठी किमान 51 टक्के मालकी आणि खरा कारभारही त्या व्यक्तीकडे हवा, आणि ती व्यक्ती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवी. भारतीय वंशाचे लोक यात बसतात. बायकोच्या नावावर 51 टक्के टाकून सगळे निर्णय स्वतः घ्यायचे, हा आपला लाडका तोडगा इथे चालत नाही. चौकशी होते.

एच-1बीवर असाल तर स्वतःच्या कंपनीत काम करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. आणि राजकीय देणगी अजिबात देऊ नका, अगदी ओळखीच्या उमेदवाराच्या जेवणाचं तिकीटही नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला स्थानिक निवडणुकीतही देणगी द्यायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तरी कंत्राट हवं असणाऱ्यांना वेगळे नियम आहेत. 2005 च्या कायद्यात 300 डॉलरच्या वर देणगी गेली की राज्याचं मोठं कंत्राट गमवायची वेळ यायची. 2023 च्या कायद्याने हे चित्र बरंच बदललं. त्यामुळे मंडळातल्या जुन्या सभासदाने सांगितलेला आकडा धरून चालू नका.

घरून चिवडा-लाडू विकणाऱ्यांसाठी एक ओळ. 2021 पासून इथे घरगुती खाद्यपदार्थांचा परवाना मिळतो: 100 डॉलर, दोन वर्षांसाठी, वर्षाला 50,000 डॉलरपर्यंत विक्री, फ्रिज न लागणारे पदार्थ, थेट गिऱ्हाइकाला. दिवाळीच्या फराळाला ठीक. शाळेला किंवा सरकारी कार्यालयाला पुरवठा करायचा तर तपासणी झालेलं व्यावसायिक किचन लागतं.

मराठीत 'बिल' म्हणजे दोन गोष्टी. एक ट्रेंटनला पास होतं, दुसरं आपण पाठवतो. दुसऱ्याबद्दल: बिल नीट भरलेलं असेल तर राज्याने 60 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर व्याज. म्हणजे दोन महिने किराणा आणि पगार स्वतःच्या खिशातून. दर लावताना हे धरा. आम्ही पहिल्या वर्षी धरलं नव्हतं.

सहावी पायरी: ट्रेंटनला जाऊन या

समितीपुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही. यादीत तुमच्या कामाचं विधेयक दिसलं की नोंदणीचा फॉर्म भरा: नाव, विधेयकाचा क्रमांक, बाजूने की विरोधात. 'बोलायचं नाही, फक्त मत नोंदवा' असंही लिहिता येतं. बोलणार असाल तर दोन-तीन मिनिटांचं धरून चाला. 'मी अमुक गावचा, अमुक धंदा करतो, कलम 3 मधल्या या ओळीमुळे मला हे हे करावं लागेल' इतकं पुरतं. कलमाचा आकडा सांगितला की सदस्य मान वर करून बघतात, कारण बहुतेक लोक कलम सांगतच नाहीत. लेखी प्रत द्या. आणि आधी आपल्या मतदारसंघाच्या तिघांच्या कार्यालयात फोन करा. तिथली कर्मचारी मंडळी साहेबांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मेट्रोपार्क किंवा एडिसनहून 'नॉर्थईस्ट कॉरिडॉर' मार्गाची गाडी थेट ट्रेंटनला जाते. स्टेशनापासून सोनेरी घुमटापर्यंत चालत जाता येतं. ओळखपत्र बरोबर ठेवा. बैठक 10 ची लिहिलेली असली तरी तुमचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही, मी एकदा दुपारी 3 पर्यंत बसलोय. डबा घेऊन जा.